आधी चहा, मग चंद्र

“नाई दिसला, तेही लिहा.”

आमच्या आरमोरीच्या कॉलेजात त्या काळात जो कोणी शिकला किंवा ज्याने शिकवलं, त्याच्या कानात हे वाक्य अजून असेल. ते म्हणणारे सर भौतिकशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. त्यांचं नाव इथे सांगत नाही. गावातही ते फारसं कोणाला ठाऊक नव्हतं म्हणा. ‘चंद्रवाले सर’ एवढं सांगितलं की रिक्षावाला नेमका त्यांच्या दारात सोडायचा.

हे वाक्य बोलताना ते उजवा हात समोर ताठ करून मूठ वळायचे आणि एक डोळा मिटायचे. क्षितिजापासून चंद्र किती वर आहे हे मोजायची ती रीत. पण सवय अशी लागली होती की समोर झाड आलं, पाण्याची टाकी आली, प्राचार्य आले, तरी हात वर. प्राचार्यांना वाटायचं आपल्याला सलाम होतो आहे. तेही मान लववायचे. “दीड मूठ भरले,” सर नंतर माझ्या कानाशी येऊन सांगायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय असा, की अमावास्येनंतरची पहिली कोर डोळ्यांना कधी दिसते आणि आपल्या जंगलातला धूर तिला किती झाकतो. मोहफुलांच्या दिवसांत फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात. तो धूर संध्याकाळी पश्चिमेला आडवा पडून राहतो. कोर तर सूर्याच्या पाठोपाठ, घाईघाईने मावळणारी. तेवढ्या वेळात ती धुरातून दिसली की नाही, आणि आरमोरीत दिसली तेव्हा धानोऱ्याला, आलापल्लीला दिसली का, हे त्यांना वर्षानुवर्षं पाहून ठरवायचं होतं.

तुम्ही म्हणाल, यात पीएच.डी. करण्यासारखं काय आहे? पानठेल्यावरचे लोकही हेच म्हणायचे.

“सर, यानं का होते जी?”

“होत काईच नाई. समजते.”

“समजून का होते?”

“झोप चांगली लागते.”

सरांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं छोटं दुकान होतं, वर कवेलूचं, म्हणजे कौलारू घर आणि मागे एक सपाट गच्ची. रमजानच्या शेवटी त्या गच्चीवर अख्खी आळी चढायची. लहानपणी सर पुढच्या महिन्यातही त्याच दिवशी वर गेले, तर तिथे कोणीच नव्हतं. कोर मात्र होती. “ईदच्या चंद्राले हजार डोळे मॅडम,” ते मला म्हणाले होते, “बाकीच्यांले कोण हाय?” त्या बाकीच्यांचे ते आपणहून पालक झाले होते.

माझी नजर चांगली होती आणि घर तलावाच्या रस्त्यावर होतं. एवढ्या पात्रतेवर त्यांनी मला निरीक्षक नेमलं. आमच्या विषयात चंद्र दर दुसऱ्या पानावर उगवतो, त्याला अमावास्या माहीत नाही. सरांच्या विषयात तो दिसला तर दिसला. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आम्ही दोघं, कधी सरांच्या बेगम, ज्यांना मी भाभी म्हणायचे, असे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचो. भाभी डब्यात काहीतरी खायला आणायच्या, म्हणून मी जास्त नियमित असायचे, हे कबूल करायला हरकत नाही. बऱ्याचदा काहीच दिसायचं नाही. मी चपला घालायला लागले की मागून यायचं, “नाई दिसला, तेही लिहा.”

त्यांचं म्हणणं असं की दिसल्याचं सगळेच सांगतात. न दिसल्याचं कोणी सांगत नाही, आणि अर्धं शास्त्र तर त्यातच आहे. बोलायचे हे अगदी मनापासून. पण त्यांचा चेहरा त्यांचं ऐकत नसे. कोर दिसली नाही की त्यांचं तोंड असं उतरायचं की पाहणाऱ्याला स्वतःचीच काही चूक झाल्यासारखं वाटावं. खालचा ओठ किंचित पुढे यायचा, आणि मग ते घाईने हसायचे. ते हसणं तर त्याहून वाईट.

या चेहऱ्याने पुढे काय केलं, तेच सांगायचं आहे.

धानोऱ्याला सरांनी एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींना चंद्र पाहायला लावलं होतं आणि आलापल्लीला आपल्याच एका जुन्या विद्यार्थ्याला, जो वनखात्यात लागला होता. तेव्हा गावोगावी फोन कुठले? निरोप एसटीने यायचे. गुरुजी पहाटेच्या गाडीच्या कंडक्टरला सांगायचे, आलापल्लीचा निरोप गडचिरोलीच्या स्टँडवर त्याच कंडक्टरच्या कानात पडायचा, आणि सकाळी ती लाल गाडी कॉलेजच्या फाटकासमोर, थांबा नसताना, थांबायची. कंडक्टर दारातून वाकून दोन्ही गावांचा चंद्र सांगायचा. सर वर्गात असले तरी खडू टाकून धावत यायचे. खिडकीला सगळा वर्ग लटकलेला असायचा.

हा कंडक्टर म्हणजे मोठा हौशी माणूस. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायचा, रजा टाकून. आवाज असा की मागच्या सीटवरची म्हातारीही तिकिटाशिवाय झोपू शकत नसे. सुरुवातीला त्याने बरेचदा “नाई दिसला सर!” असं सांगितलं. मग हळूहळू धानोऱ्याचा चंद्र दिसायला लागला. आलापल्लीचाही. नुसता दिसला नव्हे, “काय सांगू सर, नखावानी! असा बारीक, अन् उजवीकडं जरासा कललेला!” सर हरखून जायचे. इकडे आमच्या पाळीवर धूर आणि तिकडे जंगलात लख्ख कोर. त्यावर त्यांनी तर्क बांधायला घेतले. तिकडची हवा वेगळी असावी, वारा वेगळा असावा. एक अख्खं प्रकरण त्यांनी त्यावर लिहून काढलं.

असं काही वर्षं चाललं. आणि एका उन्हाळ्यात धानोऱ्याचे गुरुजी लग्नासाठी आरमोरीला आले. सरांना भेटायला म्हणून कॉलेजात आले, तेव्हा मी तिथेच होते. सरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

“गुरुजी, तुमचे उपकार कसे फेडू? मागच्या खेपेला काय सुंदर कोर दिसली तुम्हाला!”

गुरुजी गोंधळले. “मले? नाई जी सर. लय दिवस झाले, एकदाबी नाई दिसला. पुरा धूर हाय आमच्या इकडं. म्या तं दर खेपेले नाईच सांगतलं.” मग फार अपराधी होऊन म्हणाले, “मलेच वाईट वाटून राह्यलं होतं, का सरांचं कसं होईन बाप्पा?”

सरांनी हात सोडले नाहीत. फक्त खुर्चीवर बसले, त्यामुळे गुरुजींनाही वाकून उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा मी फाटकात सरांच्या आधी जाऊन उभी होते. मला राग आवरत नव्हता. मी कंडक्टरला खाली उतरवलं आणि सगळ्या गाडीदेखत विचारलं, “भाऊ, तुम्ही सरांशी खोटं काऊन बोललात?”

तो माणूस एकदम लहान झाला. पायातली चप्पल पाहत उभा राहिला. सर मागून आले, त्यांनाही तो बघेना.

“सर,” शेवटी तो म्हणाला, “नाई म्हटलं का तुमचं तोंड उतरते. थे तोंड घेऊन मले दिवसभर गाडी करा लागते. वडसापर्यंत डोळ्यापुढं तेच. एक दिवस म्हटलं, एका चंद्रानं का होते, देऊन टाकू सराले. तुमी इतके खूष झाले सर, का मंग मले नाई म्हणताच नाई आलं.”

“मग आलापल्लीचा?” सरांनी विचारलं.

“थोबी मीच दिला, सर.”

गाडीतली माणसं खिडक्यांतून वाकून ऐकत होती. ड्रायव्हरनेसुद्धा हॉर्न वाजवला नाही.

मी म्हटलं, आता डेपोत तक्रार करते. सर म्हणाले, “त्यांची चूक नाई मॅडम. यंत्रात दोष हाय.”

“कोणत्या यंत्रात?”

त्यांनी बोटाने स्वतःचा चेहरा दाखवला.

दोष कोणाचाही असो, व्हायचा तो घात झाला होता. कोणता निरोप खरा आणि कोणता दयेचा, हे आता कंडक्टरलाही सांगता येत नव्हतं. आरमोरीचा आमचा चंद्र तेवढा खरा उरला, पण एका गावाच्या चंद्रावर प्रबंध होत नाही. विद्यापीठाची मुदत संपत आली होती. नव्याने पाहायचं तर पुन्हा काही वर्षं आणि मुदतवाढीसाठी हातापाया पडणं. नाहीतर नोंदणी रद्द आणि सगळं पाण्यात. सर नागपूरला आपल्या मार्गदर्शकांकडे गेले आणि परत येऊन पाळीवर माझ्याशेजारी बसले.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, राहू द्या. तुमच्या जंगलात जाऊन कोण तपासणार हाय?”

“खरंच आहे की.” मलाही तेव्हा तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? “मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, कोणी तपासणार नाई म्हणूनच तं.”

ते लिहिलेलं प्रकरण त्यांनी भाभींना चुलीसाठी देऊन टाकलं. भाभींनी ते पेटवलं नाही, कितीतरी दिवस पिठाच्या डब्याखाली घालून ठेवलं होतं. सर पुन्हा पहिल्यापासून लागले. स्टाफरूममध्ये थट्टा सुरू झाली, “सरांचा चंद्र अजून उगवायचाय का?” सर त्यांच्यावरही मूठ धरून उंची मोजायचे आणि पुढे जायचे.

पण खरा प्रश्न कंडक्टरचा होता. दुसरी सोय नव्हती, निरोप त्याच्याच गाडीने येणार. आणि आपल्या इकडचा माणूस, तुम्हाला माहीत आहे, तोंडावर नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. जेवलात का विचारलं तर उपाशी माणूसही हो म्हणतो. अशा मुलखातून सरांना ‘नाही’ गोळा करायचं होतं.

आधी त्यांनी स्वतःचा चेहरा सुधारायला घेतला. स्टाफरूममध्ये मी “नाई दिसला!” म्हणायचं आणि त्यांनी प्रसन्न राहायचं, अशी तालीम आम्ही केली. दाढ दुखत असताना पाहुण्यांशी बोलणाऱ्या माणसासारखं ते दिसायचे. शेवटी मलाच म्हणावंसं वाटू लागलं, की जाऊ द्या, दिसला.

मग त्यांनी वेगळी युक्ती काढली. ‘नाही’ आणणाऱ्याला फाटकासमोरच्या टपरीवर चहा आणि आलुबोंडा. झालं, त्या हिवाळ्यात आकाश निवळशंख असूनही धानोऱ्याला चंद्र उगवेनासा झाला. सरांनी कपाळाला हात लावला. कंडक्टरची तरी काय चूक? सर इतक्या प्रेमाने आलुबोंडा देत होते!

तोडगा निघाला तो कंडक्टरच्याच बोलण्यातून. एकदा निरोप सांगायच्या आधीच टपरीवाल्याने त्याच्या हातात चहा दिला. चहा संपवून तो म्हणाला, “सर, आता तुमचा चहा पोटात हाय, आता खोटं बोलाले जड जाते. अन् तुमी अशीच बशी तोंडापुढं धरून ठेवा. तुमचं तोंड दिसत नाई, तं मले खरं सांगता येते.” सर बशीने चहा प्यायचे. त्यांनी बशी तशीच नाकापर्यंत उचलून धरली. पलीकडून आवाज आला, “नाई दिसला सर. दोन्हीकडं नाई.” बशी जराशी हलली. चहा सांडला नाही.

त्या दिवसापासून तो नियमच झाला. आधी चहा, मग चंद्र. दिसो न दिसो, चहा एकच, आलुबोंडाही एकच, आणि निरोप येईपर्यंत सरांची बशी तोंडापुढे. अख्खी गाडी खोळंबून राहायची, पण कोणी कुरकुर केली नाही. उलट खिडकीतून बायका विचारायच्या, “का जी, दिसला का आज?” पडताळा म्हणून सर मधूनच गुरुजींना गाठायचे आणि विचारायचे. निरोप बरोबर निघायचे.

असे वर्षानुवर्षं गोळा केलेले खरे ‘नाही’ त्यांच्या प्रबंधात गेले. निरोप कसे घेतले हे त्यांनी प्रबंधात जसंच्या तसं लिहिलं होतं, चहासकट. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्क परीक्षक आले होते. त्यांनी चष्मा काढून विचारलं, हे बशीचं काय आहे? सरांनी समोरच्याच कपातला चहा बशीत ओतला, तोंडापुढे धरला आणि बशीमागून म्हणाले, “आता सर, माझा प्रबंध कसा आहे ते खरं सांगा.” परीक्षक इतके हसले की शिपाई आत डोकावला. पदवी मिळाली. पहिला पेढा सरांनी गाडी थांबवून कंडक्टरला दिला.

प्रबंध संपला तरी पाळीवरची संध्याकाळ संपली नाही. बाकीच्या चंद्रांना सोडून कसं चालेल? मोबाइल आले, गुरुजी निवृत्त झाले, तरी लाल गाडी फाटकात थांबत राहिली.

मग सरांचं पोट दुखायला लागलं. नागपूरला नेलं, पोट उघडून पाहिलं आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. भाभींना आणि मुलांना काय ते कळवलं. सरांना सांगायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. पुढच्या महिन्याची कोर त्यांना लाभली नाही, हे इथेच सांगून टाकते, कारण शेवट मला तिथे करायचा नाही.

त्या दिवसांत त्यांच्याकडे माणसांची रीघ लागलेली असायची. जो यायचा तो म्हणायचा, “वा, तब्येत सुधारली की सर!” “चेहऱ्यावर तेज आलं!” सर सगळ्यांना हसून हो म्हणायचे. मीही तेच म्हणत होते. एकदा खोलीत मी एकटीच असताना ते हळूच म्हणाले, “मॅडम, माझ्या घरातली सगळी निरीक्षणं खराब होऊन राह्यली.” मी उठून खिडकी उघडली.

पावसाळा सरत होता. अमावास्या होऊन गेली होती. संध्याकाळी मी गेले तर कंडक्टर आलेला होता, ड्युटी संपवून, खाकी कपड्यांतच. सरांना उठवत नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, आज माझी पाळी तुमी करा.” तो गच्चीवर गेला, तीच गच्ची, वडिलांच्या दुकानामागची. बराच वेळ वर होता.

खाली आला तेव्हा खोलीत आम्ही सगळे होतो. भाभी सरांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी कंडक्टरकडे पाहून हात जोडले आणि डोळ्यांनी विनवलं, हो म्हणा. मीही मान हलवली. एका चंद्राने काय होतं?

“आधी चहा,” सर म्हणाले.

चहा आला. कंडक्टरने तो पूर्ण प्यायला. सरांना आता चहा वर्ज्य होता. त्यांच्या तोंडापुढे आज बशी नव्हती. कंडक्टरने कप खाली ठेवला आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“नाई दिसला, सर.”

“ढग का धूर?”

“ढग. खाली पुरा ढग हाय.”

“तेही लिहा, मॅडम,” सर मला म्हणाले. मग पुन्हा त्याच्याकडे वळून, त्याच आवाजात, “अन् मी, भाऊ? मी कसा दिसून राह्यलो?”

भाभींनी पदर तोंडात धरला. कंडक्टरचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

“बरे नाई दिसत, सर,” तो म्हणाला. “बिलकुल बरे नाई दिसत.” आणि रडायला लागला.

मी सरांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत तो मला पाठ झाला होता. आता खालचा ओठ पुढे येणार, मग ते घाईने हसणार.

त्यांचं तोंड उतरलं नाही. त्यांनी उजवा हात उचलला, मूठ वळावी म्हणून, पण तो तेवढा वर जाईना, म्हणून कंडक्टरच्या हातावर ठेवला. मग मान जराशी वळवून भाभींना म्हणाले,

“अजी, भाऊले अजून चहा द्या.”